गुलाबी औषध आणि तुझं बोट

वारजे, पुणे
११ फेब्रुवारी २००४

प्रिय आई,

तुला वाचता येत नाही, म्हणून हे पत्र नम्रता वहिनीच वाचणार हे मला ठाऊक आहे. तर वहिनी, आधी दार लोटून घे. दादाला शेताकडे जाऊ दे. आणि मी जसं लिहिलंय तसंच वाच, मधलं गाळू नको, गोड करू नको. मागच्या खेपेला मी आईवर चिडून दोन पानं लिहिली होती, तर तू 'हिरानं सगळ्यांना नमस्कार सांगितलाय' एवढंच वाचलंस, आणि आईनं खुश होऊन मला दिवाळीला साडी पाठवली. ती साडी नेसताना मला हसावं का रडावं कळेना. ह्या खेपेला तसं करू नको. तुझ्या पाया पडते.

आई, मी बरी आहे असं रविवारी फोनवर म्हणाले, ते खोटं होतं. हिरडी भरलेली नाही. आज सव्वा महिना झाला, दाढ काढली तिथं अजून खड्डा आहे आणि त्याच्या कडेला पांढरा डाग उठलाय, दुधावरच्या सायीसारखा, पण पुसून निघत नाही. मागच्या शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी त्या कडेचा तुकडा कापला, मुगाच्या डाळीएवढा, आणि बाटलीत घालून तपासायला पाठवला. रिपोर्ट मंगळवारी येणार. त्यात काय निघू शकतं ते त्यांनी नाव घेऊन सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी पंचवीस वर्षांची आहे. सोनू पावणेदोन वर्षांची आहे. ती तुझ्याकडे, त्यामुळे खोली गप्प असते, आणि मी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना सारखी जीभ त्या खड्ड्याकडे नेते. नेऊ नको म्हणून सांगितलंय, तरी जाते.

ऑपरेशनला तू आलीस, सोनूला सांभाळलंस, माझ्यासाठी पातळ पेज करून गार करून दिलीस, हे मी विसरले नाही. वहिनी, हे पण वाच. पण आधी दाखवायला गेलो त्या दिवसाचं मला बोलायचंय. सदाशिव पेठेतला तो जिना चढून आपण वर गेलो, तू माझ्या शेजारी बाकावर बसलीस, सोनू तुझ्या मांडीवर. चार महिन्यांपासून दुखतंय असं मी सांगितल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चारच? अजून दोन थांबायचं होतं, दाढ आपली आपण चालत आली असती. मग फोटो काढला, तर दाढ हिरडीच्या आत आडवी झोपलेली. हिरडी कापून काढावी लागेल म्हणाल्या. आणि मग विचारलं, तंबाखू, मिश्री, काही लावता का. मी बोलायच्या आत तूच बोललीस, नाही हो बाई, आमच्यात असलं काही नाही. त्यांनी तुझ्या दातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, तुमच्यात नसेल, तुमच्या दातांत आहे. तू पदर तोंडाला लावून हसलीस. मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि तुम्ही? मी म्हणाले, कामाला लागल्यापासून सोडली. त्यांनी कागदावर तसंच लिहून घेतलं. जिना उतरताना तू माझा दंड दाबलास, शाबास म्हणाल्यासारखा.

ऑपरेशन झाल्यावर त्यांनी आपल्याला दोघींना बसवून सांगितलं होतं. आजचा दिवस चूळ भरायची नाही, जोरात थुंकायचं पण नाही. आत रक्ताची गाठ धरते, ती निघाली तर हाड उघडं पडतं. उद्यापासून हे गुलाबी औषध. एक झाकण औषध, एक झाकण पाणी, अर्धा मिनिट तोंडात हळू फिरवायचं, मान वाकवून सोडून द्यायचं, पिचकारी मारायची नाही. त्यानंतर अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही. सकाळ-संध्याकाळ. मी विचारलं, ह्यानं किती दिवसात भरेल? तर म्हणाल्या, औषध जखम भरत नाही, औषध फक्त जागा स्वच्छ ठेवतं. भरायचं ते हिरडी आपलं आपण भरते, तिच्या कामात कुणी बोट घालायचं नाही. एवढं साधं सांगणं. तू पण मान डोलावली होतीस.

असल्या औषधाची मला नवलाई नव्हती. आमच्या कंपनीत, हिंजवडीला, प्रत्येक मजल्यावर बेसिनजवळ हिरव्या पाण्याची बाटली असते. जेवण झालं की तिथली पोरंपोरी कागदी कपात घेऊन खुळखुळ करतात. अमेरिकेतल्या साहेबाशी फोनवर बोलायचं असलं तरी करतात, जसा काय वास तारेतून तिकडं जाणार. त्या बाटल्या भरायचं काम माझं. मला तो श्रीमंतांचा चाळा वाटायचा. स्वतःच्या तोंडात घ्यायची वेळ आली तेव्हा पहिल्या दिवशी डोळ्यातून पाणी आलं. सोनूचे पप्पा घड्याळ धरून समोर उभे राहायचे, सोसायटीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहिताना करतात तसं तोंड करून, आणि तीस झाले की हात वर करायचे. तू म्हणायचीस, बघा, माझी पोरगी साहेबीण झाली, गुलाबी पाण्यानं तोंड धुते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठणका कानापर्यंत चढला. एक गोळी घेऊन झाली होती, दुसरीला अजून वेळ होता. सोनू माझ्या मांडीवर यायला रडत होती आणि मी तिला ढकललं. ती भिंतीवर आपटली. तेव्हा तू मोरीजवळून उठलीस, कमरेची डबी काढलीस, चिमूट घेतलीस आणि म्हणालीस, आ कर. मी आ केलं. हे मी लपवत नाही, माझ्या तोंडात कुणी जबरदस्तीनं बोट घातलेलं नाही. तू टाक्यांवरून बोट फिरवलंस, इतकं हलकं की मला लहानपणीचं न्हाऊ घालणं आठवलं. घटकाभरात ठणका बसला, डोकं गरगरलं आणि झोप लागली. उठले तेव्हा सोनू तुझ्या कडेवर, भाकरी झालेल्या, भांडी घासलेली. मला वाटलं, पुण्यातल्या सगळ्या डॉक्टरांपेक्षा माझी आई भारी.

मग ती रीतच पडली. सकाळी गुलाबी औषध, घड्याळ लावून अर्धा मिनिट. त्यानंतरचा अर्धा तास आपण दोघी इमानदारीनं पाळायचो, मी पाण्याचा थेंब घ्यायचे नाही, तू मला चहा पण देत नव्हतीस. आणि अर्धा तास भरला की तुझं बोट. संध्याकाळी परत तसंच. आपल्याला दोघींना वाटायचं आपण डॉक्टरीणबाईंचं पण ऐकतोय आणि आपलं पण करतोय. आठ दिवसांत माझे दात तांबूस पडले. ते त्या औषधानं पडतात, बाईंनी आधीच सांगितलं होतं, नंतर घासून निघतात म्हणून. तुला आयतंच सापडलं. शेजारच्या चैतालीला बोलावून तू माझा ओठ वर करून दाखवलास. म्हणालीस, बघ गं, आम्ही मिश्रीवाल्या बदनाम, आणि ह्या बाटलीतल्या पाण्यानं पोरीचे दात काळे केले. चैताली हसली. मी पण हसले, टाके ताणले तरी हसले.

आई, मी नऊ वर्षांची होते तेव्हा दाढ किडली होती. तू तव्यावर तंबाखू भाजायचीस, घरभर ठसका सुटायचा आणि आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. ती काळी पूड तुम्ही बायका सकाळी उंबऱ्यात बसून दाताला घासायच्या, आणि तेवढा वेळ कुणीच कुणावर ओरडायचं नाही. मला वाटायचं ती पूड म्हणजे सुख. त्या दिवशी तू मला पहिली चिमूट दिलीस. मी ओकले, मग झोपले, आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन मागितली. तू बायकांना सांगितलंस, माझी हिरी बाई झाली, आता हिला वेगळी डबी घ्यायला पाहिजे. जत्रेतून खरंच घेतलीस, पितळेची, झाकणावर मोर. मी ती दप्तरात न्यायचे. सातवीत बाईंनी पकडली आणि घरी निरोप पाठवला. तू शाळेत येऊन बाईंशी असली भांडलीस की सगळा वर्ग खिडकीत. माझ्या पोरीची झडती घेणारी तू कोण, म्हणालीस. त्यानंतर मी शाळेत गेले नाही. ते भांडण मला तेव्हा लई आवडलं होतं. माझ्यासाठी कुणी एवढं भांडलं नव्हतं. आता वाटतं, त्या बाई एकट्याच माझ्या बाजूनं होत्या.

सोनूच्या वेळी मला मळमळायचं, तर तू म्हणालीस, मिश्री जास्त लाव, उलटी बसते. बसली. सोनू एक किलो नऊशे ग्रॅमची झाली आणि अठरा दिवस काचेच्या पेटीत राहिली. नर्सनं विचारलं तेव्हा पण तू तेच सांगितलंस, आमच्यात नाही. तुझ्यामुळंच ती बारीक झाली असं मी म्हणत नाही, मला तेवढं कळत नाही. पण खोटं का सांगितलं, हे मला तेव्हापासून खुपतंय. आणि मी का गप्प बसले, हे त्याहून जास्त.

कंपनीत आमचा सुपरवायझर आहे, महिपती. एकदा कुणीतरी बेसिनमध्ये काळं थुंकली, तेव्हापासून तो आम्हा बायकांना सकाळी गेटवर ओळीत उभं करतो आणि आ करायला लावतो, बाजारात गुरांचे दात बघतात तसं. म्हणतो, उघडा मावशी, आत काय खजिना आहे बघू. मी त्याच्यापेक्षा लहान आहे. त्याच्या भीतीनं मिश्री सोडायला पाहिजे होती. मी सोडली नाही, लपवायला शिकले. खाली उजवीकडे, शेवटच्या दाढेच्या मागं चिमूट दाबून ठेवायची, कितीही आ केलं तरी दिसत नाही. बाथरूम पुसताना, बाटल्या भरताना, सहा-सहा तास ती तिथंच. डाग नेमका तिथंच उठलाय.

जानेवारीत तेरा तारखेला टाके काढले तेव्हाच भरायला पाहिजे होतं. बाईंनी आत औषधाची पट्टी भरली आणि विचारलं, औषध नीट घेताय ना? मी म्हणाले, घड्याळ लावून. ते खरंच होतं. वीस तारखेला तू सोनूला घेऊन गावी गेलीस, म्हणालीस, तुझं तोंड भरलं की आणून सोडते. तू गेल्यावर तुझं बोट नव्हतं, माझं होतं. ते पण लिहिते, नाहीतर तू म्हणशील सगळं माझ्यावरच ढकलती. सत्तावीसला परत गेले, परत पट्टी, परत तेच उत्तर. आणि मागच्या शुक्रवारी त्यांनी तोंडात दिवा धरला आणि त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, हे भरत का नाही, मला कळत नाहीये. तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, तो पाळलेला अर्धा तास सुद्धा. मला वाटलं आता असला टोमणा मारतील की मेल्याहून मेल्यासारखं होईल. मारला नाही. पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, म्हणजे इतके दिवस मी धुतेय आणि तुम्ही माखताय. मग नळाखाली हात धुवत राहिल्या. त्यांनी टोमणा मारला असता तर मला एवढी भीती वाटली नसती.

त्या म्हणाल्या, मिश्रीनं भाजत राहिल्यानंही असं होतं, आणि दुसरंही असू शकतं, तुकडा तपासल्याशिवाय सांगता येत नाही. डबी टेबलावर ठेवायला सांगितली, ठेवली. गुलाबी औषध परत पहिल्यापासून सुरू केलंय, आणि आता अर्ध्या तासानंतर काही नाही. ते काही नाही फार अवघड आहे. डोकं फुटतं, हात कापतात, कंपनीत बादली दोनदा सांडली. मी सोळा वर्षं लावली आई. मला सोडता येईना म्हणून मी रडते, आणि रडता रडता मला डबीच आठवते.

तुझ्यावर राग आहे. आहेच. चार दिवस झाले, भाकरी थापताना पण मी तुझ्याशी मनात भांडते. पण भांडण नीट होत नाही. तुला कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या आईनं तुला दिली, रोजानं जाताना भूक मरायची म्हणून. तू मला दिलीस, दुखतंय म्हणून. मला मात्र सांगितलं होतं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, नर्सनं सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी तर समोर बसवून सांगितलं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विश्वास तुझ्या बोटावर ठेवला. तुला शिव्या द्यायला तोंड उघडते तर हेच तोंड.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. रविवारी दत्तोबाच्या दुकानात फोन केला तेव्हा तू लई खुशीत होतीस. म्हणालीस, सोनूच्या मागच्या दाढा येताहेत, दोन दिवस किरकिर करत होती, आता गुमान झोपते. मी विचारलं, कशी झोपते? तू म्हणालीस, कशी म्हणजे, हिरडीवर जरा बोट फिरवते. आता तर सकाळी मी डबी काढली की पळत येती, आपण होऊन आ करती, अगदी तुझ्यावर गेली हाय. मागं दुकानातल्या बायका हसल्या. मी बरी आहे म्हणाले आणि फोन ठेवला. आई, हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. सोनूच्या पप्पांच्या हाती दिलंय. वहिनी हे वाचतेय तेव्हा ते बाहेर अंगणात बसले असतील, त्यांना सगळं ठाऊक आहे, त्यांच्याशी वाद घालू नको. तिचे कपडे पिशवीत भर आणि तिला त्यांच्याकडे दे. दोन दिवस राहू द्या म्हणू नको. मंगळवारी काहीही निघो, मी राहिले काय आणि नाही राहिले काय, ती परत तुझ्याकडे राहायला येणार नाही. तसं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. तू आमच्याकडे ये, कधीपण ये, पण कमरेला काही न लावता ये. सोनू गाडीत रडेल, इथं आल्यावर पण तिला काहीतरी पाहिजे होईल आणि काय पाहिजे ते तिला सांगता येणार नाही. रडू दे, मी आहे, मला कळेल. निघताना ती तुझ्यासमोर येऊन उभी राहील आणि तोंड उघडेल. तेव्हा, आई, हात पाठीमागं धर.

तरीही तुझीच,
हिरा